तिचे सकाळचे वाक्य

आमचा संसार ५४ वर्षांचा. एवढ्या काळात कुरबुरी पुष्कळ झाल्या, रुसवेफुगवेही झाले, पण जिव्हारी लागावे असे भांडण एकच झाले. तेही रेडिओवरून!

ही आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर निवेदिका होती. सांगली, मिरज, तासगाव, जत, कवठेमहांकाळ या भागातली किती तरी घरे सकाळी तिच्या आवाजाने जागी होत. बाजारात भाजी घेताना हिने नुसते "वांगी कशी दिली?" म्हटले, तरी भाजीवाली मान वर करून बघे. "रेडिओवरच्या बाई का तुम्ही?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला असेल. मी शेजारी पिशवी धरून उभा असायचो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ही गेली. बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याला, आमच्या लेकीच्या घरी. ज्या वाक्याचा मी आयुष्यभर राग केला, शेवटी तेवढेच एक वाक्य तिच्या ओठांवर उरले होते. त्याचीच ही हकिकत आहे.

थंडीतला आवाज

हिला पाहण्याआधी मी हिला ऐकले होते. १९६७ साली मी पाटण तालुक्यात शाळामास्तर होतो. ११ डिसेंबरच्या पहाटे साडेचारच्या आतच जमीन हादरली. कोयनेचा तो भूकंप. साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा. दीडशेहून अधिक माणसे त्यात दगावली. आमच्या गावात भिंती पडल्या. आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी शेतात कुडकुडत बसलो होतो. काय झाले, किती झाले, पुन्हा होणार का, कोणालाच काही कळत नव्हते. वाण्याच्या हातात एक ट्रान्झिस्टर होता. सकाळची सभा सुरू झाली आणि एका मुलीचा शांत आवाज आला. तिने काही मोठे सांगितले नाही. धक्के सगळीकडे जाणवले आहेत, घाबरून जाऊ नका, पडक्या घरांत शिरू नका, एवढेच. पण आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "पोरगी घाबरली न्हाई, मग आपुन कशाला घाबरायचं?"

त्या वेळी ही विलिंग्डन महाविद्यालयात बी.ए.ला होती आणि हंगामी निवेदिका म्हणून केंद्रावर जात होती. पुढे माझी सांगलीच्या शाळेत नेमणूक झाली. स्थळ सांगून आले. बघण्याच्या कार्यक्रमात मी मान खाली घालून बसलो होतो. "चहा घ्या ना," असे शब्द कानावर आले आणि माझ्या हातातली बशी हलली. तोच आवाज! लग्नानंतर मी तिला त्या पहाटेबद्दल विचारले. ही हसून म्हणाली, "अहो, टेबलाखाली माझे पाय लटपटत होते. पण मायक्रोफोनला पाय कुठे दिसतात?"

१९७० साली आमचे लग्न झाले आणि रेडिओ म्हणजे काय हे मला घरात बसून कळू लागले.

सकाळच्या सभेची ड्यूटी असली की ही पहाटे चारला उठे. कोमट पाणी पिई. चिंच, लोणचे, शेंगदाणे ड्यूटीच्या आधी वर्ज्य. पर्समध्ये खडीसाखरेची पुडी कायम. स्टुडिओत शिरताना ही हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून रुमालात गुंडाळून ठेवी, कारण कागद उलटताना होणारी बांगड्यांची किणकिण मायक्रोफोन लगेच पकडतो आणि श्रोत्याच्या घरात नेऊन सोडतो. माझ्या आईला हे मुळीच पटले नाही. "सवाष्णीचा हात रिकामा? दररोज?" यावरून आमच्या घरी दोन वर्षे धुसफूस चालली होती. ही उलट उत्तर देत नसे. घरी आली की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याआधी बांगड्या चढवी.

आणि मग ते वाक्य. संकेतधून संपली, 'वंदे मातरम्' झाले की ही म्हणे, "आकाशवाणीचं हे सांगली केंद्र आहे. दोनशे एकोणचाळीस दशांश आठ मीटर्स, अर्थात बाराशे एक्कावन्न किलोहर्ट्झवर आमची सकाळची सभा सुरू होत आहे." मग तारीख, वार, तिथी, आणि पुढे कार्यक्रमांची रूपरेषा.

वाक्य साधेच. पण ते सुरू व्हायचे तेव्हा आमच्या घरी दूध उतू जात असायचे, मुलीची वेणी अर्धी राहिलेली असायची, माझ्या सदऱ्याचे बटण तुटलेले असायचे. आणि माझी बायको मात्र तिकडे साऱ्या जिल्ह्याला प्रसन्न आवाजात सुप्रभात म्हणत असायची!

ते भांडण

१९७८ सालची गोष्ट. मुलगी पाच वर्षांची होती. हिची संध्याकाळची सभा होती, म्हणजे रात्री अकरापर्यंत सुटका नाही. संध्याकाळी पोरीला ताप भरला, आठपर्यंत १०३ वर गेला. मी शेजाऱ्यांकडून केंद्रावर फोन करवला. निरोप आला, की बदली निवेदक मिळत नाही, मिळाला की निघते. मुलगी ग्लानीत म्हणाली, "बाबा, रेडिओ लावा. आई बोलेल."

मी रेडिओ लावला. 'आपली आवड' चालू होते. ही फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचत होती. दिघंचीहून अमुक, ढालगावहून तमुक. आवाजात कुठे कंप नाही, कुठे घाई नाही. मी पट्ट्या ओल्या करत होतो आणि माझा पारा मुलीच्या तापापेक्षा वर चढत होता.

साडेअकराला केंद्राची गाडी थांबली. ही पायऱ्या चढून धावतच आली. बांगड्या रुमालातच होत्या, चढवायच्या राहिल्या होत्या. मी दारातच म्हणालो, "साऱ्या जिल्ह्याला शुभरात्री म्हणतेस. पोटच्या पोरीला म्हणायला तुला सवड नाही!"

ही काही बोलली नाही. मुलीच्या उशाशी बसली आणि पहाटे ताप उतरेपर्यंत उठली नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. आज सांगताना लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी रेडिओ लावणे बंद केले. शेजारच्या घरातून तिचे ते वाक्य ऐकू आले, तर मी खिडकी लोटून घेई. पाच-सहा वर्षे हे चालले. तिला ते ठाऊक होते. सकाळी घरी आल्यावर ती रेडिओच्या मागच्या बाजूला हात लावून बघे. जुने सेट तापत असत. सेट गार असे. ती पदराने त्यावरची धूळ पुसे आणि स्वयंपाकाला लागे. एकदाही तिने विचारले नाही, की का हो, आज ऐकलं नाहीत?

पुढे राग आपोआप विरला. रेडिओ पुन्हा सुरू झाला. पण मी तिची क्षमा मागितली नाही. नवराबायकोत कसली क्षमा, असे आमच्या पिढीला वाटे.

२००६ साली ही निवृत्त झाली. घरात तिच्या आवाजाची एकही फीत नव्हती. निवेदन थेट जाते. वाऱ्यावर जाते आणि वाऱ्याबरोबर संपते. ते टिपून ठेवावे असे तिला वाटले नाही आणि मला तर मुळीच नाही.

बोम्मसंद्रा

लेकीला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी. तिने आणि जावईबापूंनी तीनदा आग्रह केला, तेव्हा २०१२ साली आम्ही बोम्मसंद्र्याला आलो. लेकीच्या घरी कायमचे राहायचे हे मला जड जात होते. ही मात्र पहिल्याच आठवड्यात रुळली. होसूर रस्त्यावरचे हे गाव म्हणजे कारखान्यांची वसाहत. पाळी सुटली की बसगाड्यांची रांग लागते. ओडिया, बंगाली, तमिळ, तेलुगू, हिंदी, सगळ्या भाषा एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात.

हिचे माहेर बेळगावचे. त्यामुळे कानडी लहानपणापासूनची. तिच्या बेळगावी 'हौद्री'ला इथल्या भाजीवाल्या हसत आणि पुन्हा पुन्हा बोलायला लावत. ही म्हणायची, "अहो, मी काही परक्या गावी आले नाही. आकाशवाणीचं माहेरही इकडचंच आहे." ते खरेच होते. मैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरातून खाजगी प्रक्षेपण केंद्र सुरू केले. 'आकाशवाणी' हे नाव त्या केंद्राचे. सरकारी रेडिओने ते पुढे १९५० च्या दशकात स्वीकारले.

बोम्मसंद्र्यातच नारायण हृदयालय आहे. २००१ सालापासून तिथे देशभरातून हृदयाचे रुग्ण येतात, त्यांत लहान मुलेही खूप. सोलापूर, लातूर, कोल्हापूरकडची माणसेही भेटतात. भाषा येत नाही, खोली कुठे मिळेल ठाऊक नाही, अशी माणसे औषधाच्या दुकानासमोर गोंधळून उभी असत. ही संध्याकाळी फिरायला म्हणून जायची आणि त्यांची दुभाषी होऊन बसायची. एकदा जतकडची एक आजीबाई नातवाला घेऊन आली होती. हिचे बोलणे ऐकून ती थबकली. "तुमी रेडिओवरच्या का हो?" मग हिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "मला वाटायचं, उंच असाल!" घरी येऊन ही तासभर हसत होती. निवृत्तीनंतर इतकी आनंदात मी तिला पाहिली नव्हती.

बेंगळुरूची मेट्रो आम्ही पहिल्यांदा पाहिली ती मोठ्या हौसेने. २०११ साली ती सुरू झाल्यापासून तिच्यातल्या कन्नड सूचना अपर्णा वस्तारे यांच्या आवाजात ऐकू येत. दूरदर्शनच्या आणि आकाशवाणीच्या कार्यक्रमांतून घरोघरी पोहोचलेल्या या निवेदिका. मी खिडकीबाहेर बघत होतो. ही डोळे मिटून सूचना ऐकत होती. "श्वास कुठे घेते ते कळतसुद्धा नाही बघा," असे कौतुकाने म्हणाली. एका कारागिराने दुसऱ्याचे काम पारखावे तसे.

शब्द हरवले

२०२३ च्या फेब्रुवारीतली सकाळ. ही मला म्हणाली, "ते... ते द्या ना, पांढरं." दूध हवे होते. मी हसलो. मग तिच्या उजव्या हातातला पेला निसटला. रात्री झोप नीट लागली नव्हती, म्हणून मी म्हणालो, "पड जरा." ती पडली. लेक आणि जावई कामावर गेले होते. नात कॉलेजात. दुपारी लेकीचा फोन आला. मी म्हणालो, "आई झोपली आहे." ती म्हणाली, "आत्ता? आईला उठवा आणि बोलायला सांगा." हिचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते.

वाचकहो, एवढे मात्र लक्षात ठेवा. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलताना शब्द अडणे किंवा भलतेच येणे, यांतले एक जरी अचानक दिसले तरी 'पड जरा' म्हणू नका. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. झोपवण्यात मी ते तास घालवले. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ऐकलेले तिला कळत असे, पण शब्द सापडत नसत. जिने ४० वर्षे दररोज हजारो शब्द अचूक उच्चारले, तिला 'पाणी' म्हणता येईना. मला 'अहो' म्हणता येईना. ती तोंड उघडे, थांबे आणि भिंतीकडे बघे. ते बघणे मला सोसत नसे.

वाचोपचार करणाऱ्या बाईंनी आम्हांला समजावले, की विचार करून वाक्य बनवण्याची शक्ती बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिथे इजा झाली, तरी वर्षानुवर्षे घोटलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात. अंक, वार, प्रार्थना, गाणी. तेव्हा तिला जे तोंडपाठ असेल, ते तिच्यासमोर म्हणा. आम्ही सगळे करून पाहिले. पाढे, रामरक्षा, भोंडल्याची गाणी. दोन-तीन शब्द येत, पुढे तुटे.

मग एका सकाळी नातीने मोबाइलवर आकाशवाणीची संकेतधून शोधून काढली. वॉल्टर कौफमन नावाच्या संगीतकाराने १९३० च्या दशकात केलेली ती धून. हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईला आलेला हा माणूस. त्याने बांधलेल्या सुरांनी पुढे भारतातल्या किती पिढ्यांची सकाळ उजाडली! नातीला त्यातले काही ठाऊक नव्हते. "आजी, ही तुझी ट्यून ना?" एवढेच ती म्हणाली.

हिने डोळे मोठे केले. डावा हात हलला. त्या हाताने तिने लुळ्या उजव्या हातातली बांगडी चाचपली आणि ती खाली सरकवू लागली. मला क्षणभर काही उमगेना. मग कळले. ही बांगड्या उतरवत होती. मी पुढे होऊन त्या हातातल्या दोन्ही बांगड्या काढल्या आणि उशीजवळ ठेवल्या. धून संपली. ही थोडी सावरून बसली आणि म्हणाली,

"आकाशवाणीचं हे... सांगली केंद्र आहे. दोनशे एकोणचाळीस दशांश आठ मीटर्स..."

जीभ जड होती, अक्षरे घसरत होती. पण वाक्य पुरे झाले. लेक ओट्यापाशी तोंडात पदर घालून उभी होती. मी खुर्चीच्या पाठीला धरून राहिलो. पाच-सहा वर्षे ज्या वाक्यावर मी खिडकी लोटून घेत होतो, तेच वाक्य आता मी देवाकडे मागितले असते, तर ते इतके पुरते मिळाले नसते.

त्यानंतर दीड वर्ष दररोज सकाळी आमच्या घरी सभा सुरू झाली. नात धून लावी, मी बांगड्या काढी, ही वाक्य म्हणे. डॉक्टरांच्या मते ते बोलणे नव्हे, नुसती सवय. असेल. पण वाक्य संपले की ही माझ्याकडे पाहत असे, ऐकलंत ना, असे. आणि मी मान हलवून म्हणे, "ऐकलं." एका सकाळी मी थोडे पुढेही बोललो. "अगं, तेव्हा मी रेडिओ बंद ठेवत होतो. चुकलं माझं." हिने डाव्या हाताने माझ्या तळहातावर दोनदा थोपटले. तिला सगळे कळले होते, की मला तसे वाटून घ्यायचे होते, हे मी आता कोणाला विचारू?

११ जुलै २०२४ रोजी अपर्णा वस्तारे गेल्या. कर्करोगाने, वयाच्या ५७ व्या वर्षी. टीव्हीवर त्यांची चित्रे दाखवत होते आणि मेट्रोतला त्यांचा आवाज ऐकवत होते. हिने आपला हात गळ्यावर ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. महिन्याभराने हीसुद्धा गेली. झोपेतच.

दिवसकार्य झाल्यावर एका रात्री मी लेकीजवळ त्या तापाच्या रात्रीचा विषय काढला. वाटले, तिच्याही मनात आईबद्दल काही अढी असेल. ती नवलाने म्हणाली, "बाबा, मला ताप आठवतच नाही. एवढंच आठवतं, की मी पडले आहे आणि आई बोलते आहे. किती तरी लोकांची नावं घेते आहे. मला वाटायचं, ही सगळी माणसं आपल्याकडे येणार आहेत. मग मला भीती नाही वाटली." ४५ हून अधिक वर्षे मी जो राग लेकीच्या वतीने धरून ठेवला होता, तो तिचा कधी नव्हताच!

१० ऑगस्ट २०२५ पासून मेट्रो बोम्मसंद्र्यापर्यंत आली. तिच्या या नव्या गाड्या चालकाशिवाय धावू शकतील अशा बनावटीच्या आहेत. नातीने मला पहिल्यांदा बसवले तेव्हा मी पुढच्या काचेतून पाहत राहिलो. सूचना देणारा आवाज होता. तो कोणाचा, मला ठाऊक नाही. कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई असेल. आपल्या घरचे दूध गॅसवर ठेवून आली असेल. मी तो आवाज शेवटपर्यंत ऐकून घेतला.

घरी आल्यावर नातीने आपल्या मोबाइलमधली एक ध्वनिफीत मला ऐकवली. तिने आजीच्या एका सकाळचे वाक्य गुपचूप टिपून ठेवले होते. हिच्या आवाजाची आमच्याकडे एवढीच खूण आहे. आवाज तो जुना नाही. जड आणि अडखळता आहे. मागे कुकरची शिट्टी होते, लेक कोणाला तरी डबा भरल्याचे सांगते आणि मी उशीजवळ ठेवत असलेल्या बांगड्या किणकिणतात. स्टुडिओत हिने एवढ्या वर्षांत जे आवाज कधी आत येऊ दिले नाहीत, ते सगळे त्यात आले आहेत.

रोज सकाळी चहा टाकला की मी ती फीत लावतो. खिडकी उघडी ठेवतो.